चार पावसाळे जास्त पाहिले म्हणजे शहाणपण येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंची धाकटी बहीण दिवाळीपासून माहेरी आहे आणि परत नांदायला जायचं नाही म्हणते. वडील त्र्याहत्तरीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, "सगळीकडे असंच असतं, दोन-चार वर्षांत निवळतं. आम्ही तुमच्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. तिला सोडून या." यावर कुणी बोललं की बाबांचं बीपी वाढतं, म्हणून आता कुणी बोलतच नाही. ताईंना विचारायचंय की वयाबरोबर खरंच शहाणपण येतं का, की मोठ्यांचा मान ठेवायचा म्हणून आपण तसं म्हणत राहतो.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सातारा-कराडकडच्या भागात काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठीपुढची मंडळी बरीच असतात. त्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ रोज भेटतो, दोन्ही बाजूंनी. मुलगा सांगतो, "बाबा ऐकत नाहीत." बाबा सांगतात, "आमचं कुणी ऐकत नाही."

आधी उत्तर सांगते. नुसत्या वयाने शहाणपण येत नाही. वयाने येतो तो कच्चा माल: पाहिलेली माणसं, भोगलेले प्रसंग, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत स्वभावातला निवांतपणा. या सगळ्याचं शहाणपण व्हायचं तर आपला अंदाज चुकला तेव्हा तो चुकला हे आपल्यापर्यंत पोचायला लागतं. आपल्या घरांमध्ये माणसाचं वय आणि अधिकार वाढतो, तसतशी नेमकी हीच वाट बुजत जाते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता ते कशावरून, ते सांगते.

मृत्युपत्र करायचं असलं की वकील मंडळी ऐंशीच्या आसपासच्या माणसाला आमच्याकडे पाठवतात. "डॉक्टर, आजोबा समजून-उमजून सही करतायत, एवढं लिहून द्या." १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणारा सज्ञान आणि सुबुद्ध असला म्हणजे पुरतं. आपण काय करतोय, आपल्याकडे काय-काय आहे आणि आपल्यावर हक्क सांगणारी माणसं कोण, हे त्याला कळतंय का, कुठल्या भ्रमाच्या भरात तो कुणाला वगळत नाही ना, हे आम्ही तपासतो. ही कसोटी मुळात १८७० सालच्या एका इंग्लिश खटल्यातली, पण आजही चालते. शहाणपणाशी तिला काही देणंघेणं नाही. माणूस हट्टी असेल, अन्यायी असेल, तरी सुबुद्ध असू शकतो.

मी मात्र एक जादा प्रश्न विचारते. मुलांना बाहेर बसवून दार लावलं की विचारते, "हा कागद वाचल्यावर तुमचा धाकटा काय म्हणेल?"

एका आजोबांनी काही वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. स्वकष्टाने घेतलेली जमीन, दोन मुलगे, दोन लेकी. म्हणाले, "म्हणंल, दादाला रस्त्याकडंचं दिलं आन् मला वढ्याकडंचं. खरंच हाय त्याचं. वढ्याकडची चिबड हुती पावसाळ्यात. म्हणून हीर त्याच्या तुकड्यात घातली. पर थोरल्याची पाळी ठेवली, चार दिस ह्याचं, तीन दिस त्याचं. आन् वाट लिवून ठेवलीय, बैलगाडी जाईल येवढी. भांडान जमिनीवरनं हुत न्हाई बाई, वाटंवरनं हुतंय."

मी विचारलं, "लेकींचं काय?" तर म्हणाले, "दोघींना इचारलं. थोरली म्हणाली, मला नको. धाकटी गप बसली. गप बसली म्हंजी पायजे. तिला धा गुंठं ठेवल्यात."

गप बसली म्हणजे पाहिजे! आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात तेव्हा किती जणी अशाच गप बसलेल्या असतात आणि त्या गप्प बसण्याचा किती जण सोयीस्कर अर्थ लावतात, ते तलाठ्याला विचारा. या आजोबांना आजची तारीख सांगता आली नव्हती. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं तर दुसऱ्याच पायरीला अडले. पण दुसऱ्याच्या जागी उभं राहून आपल्याच निर्णयाकडे बघणं, त्याची तक्रार त्याच्या शब्दांत मांडणं, आणि ती रास्त असेल तर तिच्यावर आधीच उपाय करून ठेवणं, हे त्यांना जमत होतं.

त्याच सुमारास एक निवृत्त वर्ग एकचे अधिकारी आले होते. स्मरणशक्ती पन्नाशीच्या माणसाला लाजवील अशी. मिळकतींचे सर्व्हे नंबर तोंडपाठ. त्यांनाही तोच प्रश्न विचारला. "काय म्हणणार? माझी कमाई आहे." बरं, थोरल्या सूनबाई? "त्यांचा काय संबंध?" दाखला मी दोघांनाही दिला, कायद्याने दोघंही सुबुद्धच.

आता कुणी म्हणेल, शेतकरी आजोबांना अनुभवाने शिकवलं. खरंय, स्वतःच्या भावांशी वाटेवरून त्यांचा दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालला होता. पण असे दावे लढलेली माणसं आपल्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर पैशाला पासरी मिळतील. बहुतेकांनी त्यातून एकच धडा घेतलेला असतो, की भाऊ हरामखोर होता. आजोबांना मी जाता जाता विचारलं, वाट लिहून ठेवायचं कुणाच्या डोक्यातनं आलं? हसून म्हणाले, "म्हातारीच्या. म्हणाली, तुमचं झालं ते लेकरांचं नको." त्या घरात आजोबांना टोकणारं माणूस शिल्लक होतं आणि ते टोकणं आजोबांच्या कानात शिरत होतं.

या विषयावर पद्धतशीर अभ्यासही झालाय. बुद्धीचं वयाबरोबर काय होतं ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. झटपट विचार करणं, नवं कोडं सोडवणं, एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धरणं, ही ताकद विशी-तिशीपासूनच हळूहळू उतरायला लागते. शब्दसंपत्ती आणि साठवलेलं ज्ञान मात्र साठीपर्यंत, काहींचं सत्तरीपर्यंत वाढत राहतं. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने ही दोन प्रकारच्या बुद्धीची विभागणी मांडली. अमेरिकेत सिएटलला १९५६ पासून वॉर्नर शाई यांनी त्याच त्याच माणसांना दर काही वर्षांनी तपासलं, तेव्हा दिसलं की साठीच्या आधी फारशी घसरण बहुतेकांची होत नाही, आणि माणसामाणसातला फरक प्रचंड असतो. "साठी बुद्धी नाठी" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण बुद्धी मोजणं सोपं, शहाणपण मोजणं कठीण. बुद्धीच्या मोजमापातसुद्धा गफलत होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजी तारीख सांगू शकत नाहीत म्हणून त्यांना विस्मरणाचा आजार ठरवू नये. त्यांना तिथी विचारा. "आज एकादशी, परवा बाजार, आणि नातीची परीक्षा सोमवारी" हे सांगणारी बाई काळाच्या भानावर आहे.

शहाणपण मोजायचा गंभीर प्रयत्न बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून केला. ते लोकांना अवघड प्रसंग द्यायचे आणि मोठ्याने विचार करायला सांगायचे. त्यातला एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे: १५ वर्षांची एक मुलगी ताबडतोब लग्न करायचं म्हणते, तर काय काय विचार करावा? "छे, पंधरा म्हणजे काय वय आहे का, सरळ नाही म्हणायचं" या उत्तराला कमी गुण. तिचं घर कसं आहे, ती कुठून पळ काढतेय का, तिला काही गंभीर आजार आहे का, तिच्या समाजात काय रीत आहे, तिच्याशी बोलायचं कसं, आणि यातलं आपल्याला काय माहीत नाही, असं जो विचारत जाईल त्याला जास्त. आपल्याकडे कायद्याने अठराच्या आत लग्न नाहीच, आणि नसावंच. पण नाही म्हणून झाल्यावरही ती पोर तिथंच बसलेली असते. तिचं पुढं काय, हा प्रश्न उरतोच, आणि शहाणपण लागतं ते तिथं. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये मुलीला मागं कुणाकडे ठेवायचं या काळजीने लग्नं उरकली जातात. त्या आईबापांना नुसतं कायद्याचं कलम वाचून दाखवणाऱ्याचा काही उपयोग होत नाही.

बर्लिनच्या मंडळींना काय सापडलं? चौदा-पंधरापासून विशीपर्यंत हे गुण झपाट्याने वाढतात. त्यानंतर विशीपासून पार पंचाहत्तरीपर्यंत रेषा जवळपास सपाट. पंचविशीची मुलगी आणि पासष्टीचे काका सरासरीने सारखेच. फार वरचे गुण मिळवणारे थोडेच, आणि ते सगळ्या वयात विखुरलेले. लोकांशी बोलून त्यांचे पेच सोडवायचा ज्यांचा व्यवसाय आहे ते काहीसे पुढे दिसले, पण परीक्षा मानसशास्त्रज्ञांनीच काढलेली, तेव्हा त्यावर आम्ही फार कॉलर ताठ करू नये.

याच गटाचा १९९६ चा एक प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यांनी लोकांना सांगितलं, ज्याच्याशी तुम्ही एरवी अडीअडचणीचं बोलता त्याला बरोबर घेऊन या. दोघांनी प्रसंगावर चर्चा करायची, मग थोडा वेळ एकट्याने विचार करायचा, आणि नंतर उत्तर द्यायचं. उत्तरांचा दर्जा एकदम वर गेला. आणि या बोलण्याचा फायदा तरुणांपेक्षा वयाने मोठ्या लोकांना जास्त झाला. हा मुद्दा डोक्यात ठेवा, बाबांच्या बाबतीत लागणार आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. इगोर ग्रॉसमन यांनी २०१० मध्ये अमेरिकेत लोकांना सामाजिक झगड्यांच्या गोष्टी वाचायला देऊन पुढं काय होईल ते विचारलं, तेव्हा साठीपुढची माणसं जास्त बाजू बघत होती, तडजोड सुचवत होती आणि "नक्की सांगता येत नाही" असं जास्त वेळा म्हणत होती. म्हणजे वयाचा फायदा दिसला. पण दोन वर्षांनी तोच अभ्यास जपानमध्ये केला तर तिथं तरुणही तेवढेच समंजस निघाले आणि वयाने त्यात काही भर पडली नाही. लहानपणापासून दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घ्यायला लावणाऱ्या समाजात माणूस लवकर शिकतो, असा त्याचा एक अर्थ लावतात. पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी आणि पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झालेले डॉ. दिलीप जेस्ते यांनी शहाणपणाचे घटक मांडले आहेत. त्यात भावनांवर ताबा, स्वतःकडे बघण्याची तयारी, वेगळी मतं सोसणं, दुसऱ्याचं भलं बघणं, आणि अनिश्चिततेतही निर्णय घेणं, हे सगळं येतं. यातला एखादा घटक वयाने सुधारतो, एखादा नाही. ज्याला आपण "शहाणं माणूस" म्हणतो त्याच्यातही एखादा घटक लंगडा असतो.

आपल्या परंपरेला तर हे नवं नाही. चौदाशे वर्षं जगल्याची ख्याती असलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप, हे ठरेना, म्हणून कोरा कागदच पाठवला. तो बघून चिमुकली मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ही आख्यायिका आपण मुलांना कौतुकाने सांगतो आणि घरातल्या मुक्ताबाईला म्हणतो, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस.

आता मुख्य मुद्दा, अनुभवातून शिकायला काय लागतं. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध होती. एकाचा अनुभवी माणसाच्या अंदाजावर विश्वास कमी, दुसऱ्याचा जास्त. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि एका गोष्टीवर एकमत केलं: जिथं गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर आणि स्पष्ट कळतं, तिथं अनुभवी माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवावा. जिथं ते कळतच नाही, तिथं वर्षं कितीही गेली तरी वाढतो तो फक्त आत्मविश्वास.

तुमच्या बाबांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं. कालव्याला कुठं गळती आहे, आवर्तन सोडल्यावर शेवटच्या शेतापर्यंत पाणी किती दिवसांत पोचेल, कुठला ठेकेदार सिमेंट खाणार, हे ते नुसतं बघून सांगत असतील, आणि त्यात त्यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. कारण तिथं अंदाज चुकला तर आठवडाभरात शेतकरी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटायचे.

आणि लग्नाच्या बाबतीत? त्यांच्या पिढीत भांडून माहेरी आलेल्या मुलींना परत पोचवलं गेलं. "आमच्या मावसबहिणीला असंच सोडून आलो होतो, नंतर नीट नांदली. दोन मुलं झाली, संसार झाला." हा त्यांचा अनुभव खोटा नाही. पण ती नीट नांदली हे त्यांना कुणी सांगितलं? सोडायला गेलेल्या पुरुषांना ती बाई पुढं काही सांगणार होती का? एकदा सांगून बघितलं होतं, त्याचं उत्तर म्हणून तर तिला पोचवलं होतं. त्यानंतर ती सणावाराला आली, हसली, जेवली, गेली. खरं काय ते तुमच्या आईला थोडंफार ठाऊक असेल, आत्याला पुरतं ठाऊक असेल. बाबांच्या हिशेबात मात्र "परत पाठवलं की निवळतं" हा नियम दरवेळी खरा ठरत गेला. तो चुकल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, अशीच घराची रचना होती.

माझ्याकडे सत्तरीतल्या बायका झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणून येतात. नवरा गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या बऱ्याच. चौथ्या-पाचव्या भेटीत, सून बाहेर औषधं घ्यायला गेलेली असताना, चाळीस वर्षांपूर्वीचं बोलायला लागतात. त्यांचे भाऊ अजून सांगत असतात, "आमची ताई सोन्यासारखी नांदली."

म्हणून कुणी "मी चार पावसाळे जास्त पाहिलेत" म्हटलं की मी मनात विचारते, कुठल्या शिवारातले? आणि पीक बुडालं तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

वयाने खरोखर चांगलं काय होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. रागाचे झटके कमी होतात. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टनसन यांनी दाखवलंय की पुढचा काळ थोडा उरलाय असं वाटायला लागलं की माणूस मोजकी जवळची नाती धरतो आणि नकोशा गोष्टींकडे कमी लक्ष देतो. घरातल्या आजी-आजोबांची सोबत नातवंडांना हवीशी वाटते ती यामुळेच. पण याचीही किंमत असते. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात फसव्या वाटाव्यात अशा चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेव्हा वयस्कर लोकांना ते तरुणांपेक्षा जास्त विश्वासू वाटले. कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांत सगळ्यांत कमी चुका माणूस साधारण त्रेपन्नाव्या वर्षी करतो, असं अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये काढलं. त्याआधी अनुभव अपुरा, त्यानंतर हिशेबाची धार कमी. आपल्याकडे "डिजिटल अरेस्ट"च्या नावाखाली निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आयुष्याची पुंजी घालवून बसले. असा काही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे त्यांना एरवी कुणीही समजावलं असतं. पण व्हिडिओ कॉलवर गणवेश बघून ते घरातल्या कुणाशी न बोलता तासन्‌तास बसून राहिले. भामट्यांची पहिली अट हीच असते की कुणाला सांगायचं नाही.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याच्या पेचावर माणूस शहाणा असतो, स्वतःच्या पेचावर नाही. ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये हे तपासलं: मित्राची बायको फसवतेय असं समजून विचार करणारे लोक समतोल बोलले, आपलीच बायको म्हटल्यावर तो समतोल गेला. साठ ते ऐंशी वयाची माणसंही याला अपवाद नव्हती. मात्र स्वतःचा प्रश्न बाहेरच्याच्या नजरेने, "तो", "ती" असं म्हणत बघायला लावलं की फरक मिटायचा. गावातल्या दहा घरांचे तंटे मिटवणारा पंच स्वतःच्या पोराशी बोलत नाही, हे आपण पाहिलेलं असतं. तो ढोंगी नसतो. दुसऱ्याच्या तंट्यात त्याचं स्वतःचं काही गुंतलेलं नसतं, एवढंच. तुमच्या बाबांच्या प्रश्नात लेकीच्या काळजीइतकीच "लोक काय म्हणतील" ही धास्ती गुंतलेली असणार, आणि कदाचित लग्नाला काढलेलं कर्जही.

आजाराचं थोडक्यात सांगते, पण दुर्लक्ष करू नका. बाबा कायमचेच असे असतील तर हा स्वभाव. पण आधी समजूतदार असलेला माणूस गेल्या वर्षभरात हेकट, संशयी, उधळा किंवा बेपर्वा झाला असेल, तर त्याला वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक डिमेन्शिया असतो, तो विसरण्याने नाही तर वागणं बिघडण्याने सुरू होतो, आणि पुष्कळदा पासष्टीच्या आतच. भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना कुठला ना कुठला डिमेन्शिया आहे, असा एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे बहुसंख्यांना नाही, पण संख्या लहानही नाही. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, रोज घेतलेली झोपेची गोळी, यांनीही माणूस बदलतो, आणि यातलं बरंचसं दुरुस्त होतं. कान तर पहिल्यांदा तपासा. निम्मं ऐकू येणारा माणूस उरलेलं मनाने भरतो, चारचौघांत पुन्हा पुन्हा "काय?" विचारायची लाज वाटते, मग तो चर्चा टाळतो किंवा एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो. अशा कितीतरी "हेकट" बाबांचं श्रवणयंत्र लावल्यावर घरच्यांशी बोलणं सुरू झालेलं मी पाहिलंय.

आता तुमच्या घरात काय करता येईल ते सांगते. बाबांना चुकीचे ठरवायला जाऊ नका. त्र्याहत्तरीत सर्वांसमोर माघार घेणं कुणालाच जमत नाही. जेवायच्या टेबलावर, जावयासमोर, काकांसमोर हा विषय काढूच नका. ज्यांचं ते ऐकतात अशी एक व्यक्ती शोधा. बहुतेक घरांत ती थोरली बहीण असते, म्हणजे तुमची आत्या. आत्यांना आधी एकटं गाठा आणि विचारा, त्या काळी परत पाठवलेल्या बायकांचं पुढं खरं काय झालं. त्या बोलायला तयार असतील तर त्यांनी बाबांशी बोलावं, दोघांनीच, तुम्ही तिथं नको. सल्ला द्यायला नको, नुसतं काय झालं ते सांगावं. आणि मग बाबांना एकटं सोडा. त्याच बैठकीत "मग आता काय म्हणता?" असं विचारून त्यांच्याकडून होकार वसूल करायला जाल तर सगळं फिसकटेल. बर्लिनच्या प्रयोगात चर्चेनंतर एकट्याने विचार करायला दिलेला वेळही तेवढाच महत्त्वाचा होता. दोन-चार दिवस जाऊ देत.

बाबांना एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारू शकता, फक्त शांतपणे आणि एकदाच: "शेजारच्या जोशीकाकांची मुलगी अशी आली असती आणि त्यांनी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही त्यांना काय-काय विचारायला सांगितलं असतं?" बहुतेक वडील इथं पहिल्यांदा "तिला काय त्रास आहे ते तरी विचारा" असं म्हणतात. तुमच्या घरात तो प्रश्न बहिणीला नीट, एकांतात, कुणी विचारलाय का? तुमच्या पत्रात ती परत जायचं नाही म्हणते एवढंच आहे; का, ते नाही.

त्या "का"चं उत्तर मारहाण, पैशाची मागणी, कोंडून ठेवणं असं काही असेल, तर कुणाचा अनुभव मोठा हा वादच तिथं गैरलागू आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, महिला हेल्पलाइन १८१ वर दिवसरात्र फोन लागतो, आणि तिला परत पोचवायला कुणीही जाऊ नये, बाबांनी कितीही म्हटलं तरी. तसं नसेल, तरी निर्णय तिचाच आहे; पण मग घाई नाही, समुपदेशकाकडे दोघा नवरा-बायकोंनी जायला वाव आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिचे शिक्षणाचे दाखले, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि दागिने सासरी राहिले असतील तर काय-काय आहे त्याची यादी आजच तिच्याकडून लिहून घ्या आणि एखाद्या वकिलाला दाखवा.